पाइप खाली घेतला

२ मार्च, रविवार. अकोला

सकाळच्या गाडीनं अमरावतीहून आले. आई दारातच सांगू लागली, तुझा भाऊ उजाडल्यापासून बॉनेटमध्ये डोकं घालून बसलाय, दोनदा चहा गार झाला.

होळीला गाडी घरी आल्याची चार वर्षं होतील. नागपूरच्या डॉक्टरांनी ठोकून टाकून दिलेली जपानी दोनसीटी. लाल, बुटकी, कुत्रंसुद्धा वरून उडी मारून जाईल अशी. सुमेधनं आणि मी हाडं गोळा करून उभी केली. चालवणार तो, इंजिन माझ्याकडे. मी अजून एकदाही चालवलेली नाही. कोणी विचारलं की म्हणते, मला फक्त पोटातलं कळतं.

बातमी मोठी. कोईमतूरहून मेनन सरांचा फोन आला होता. रेसिंगची टीम चालवतात. मे महिन्यातल्या अमरावतीच्या शर्यतीला येणार, विदर्भातले तीन ड्रायव्हर बघणार, जमला तर एक नेणार. तिघांत सुमेध आहे. सत्तावीस संपत आली त्याची. पुढच्या वर्षी त्याला कोणी बोलावणार नाही, हे तो बोलला नाही. मीही नाही.

फक्त एवढं म्हणाला, "तिसऱ्या फेरीत काटा लालात चालला ताई. पाय काढा लागते." म्हणजे इंजिन तापतं, वेग सोडावा लागतो. आणि हा मार्च आहे. मे मध्ये अकोला-अमरावतीत काय भट्टी असते ते काय सांगायचं.

१० मार्च. अमरावती

पॉलिटेक्निकमध्ये माझ्या वर्गाची प्रॅक्टिकल परीक्षा. पोरं तोंडी परीक्षेला घामाघूम. मी उत्तरपत्रिकेच्या मागे गाडीचं नाक काढत बसलेली.

सापडलं बहुतेक. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आहे. समोरून आलेली हवा जाळीतून न जाता बाजूनं निसटते. हवेला सोपी वाट दिसली की ती अवघड वाटेनं जात नाही. दरवर्षी शिकवते हे. घरच्या गाडीत चार वर्षं दिसलं नाही.

१६ मार्च. अकोला

इरफानभाईंच्या दुकानात दिवसभर. जुन्या बसस्टँडमागे रेडिएटरचं काम करतात. त्यांचा रोजा, पाण्याचा थेंब नाही, तरी गॅसच्या ज्योतीसमोर चार तास उभे. ॲल्युमिनियमचा जाड रेडिएटर बसवला. बाजूच्या फटी पत्र्यानं बंद, उरलेल्या चिरांत फोमच्या पट्ट्या. गरम हवा वर निघून जावी म्हणून बॉनेटला दोन चिरा पाडायच्या ठरल्या. सुमेधनं खुणा केल्या, कटर घेतला, पुन्हा खाली ठेवला. म्हणे रंग जाईल ना. मग मीच कापलं.

संध्याकाळी सुमेधनं बायपासला नेऊन आणली. काटा मध्यावर. हललाच नाही. इरफानभाई इफ्तारचे खजूर आमच्या हातावर ठेवत म्हणाले, आता हिला उन्हाची भीती नाही.

आईनं भरीत केलं होतं. सुमेध पाच भाकरी जेवला.

३० मार्च. अकोला

आता हवा आत घ्यायचं काम.

इंजिन जिथून श्वास घेतं तिथं तापमानाची वायर लावली. बाहेर चाळीस, आत साठच्या वर. रेडिएटरच्या मागेच हवेचा फिल्टर आहे, म्हणजे उकळत्या भांड्यावर तोंड धरून श्वास घेतल्यासारखं. गरम हवा विरळ, म्हणून ताकद कमी. गार हवा कुठे? खाली, बंपरच्या मागे, डाव्या कोपऱ्यात. तिथपर्यंत पाइप न्यायचा आणि फिल्टर तिथं बसवायचा. नाकच खाली नेऊन ठेवायचं.

सुमेध वाकून बघत होता. म्हणाला, "पाणी आलं त मंग?"

मी म्हटलं, "मे मध्ये पाणी कुठून आणतं रे?"

हसला. मीही.

६ एप्रिल. अकोला

चार दिवस रजा टाकून आले ते सार्थकी. पाइप बसला. पहाटे दर्यापूरच्या रस्त्यानं घेऊन गेलो, मी डाव्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप. दोन्हीकडे उघडी काळी रानं, पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले. आतली हवा बाहेरच्याहून जेमतेम चार अंश जास्त. मी आकडे वाचून दाखवत होते आणि त्याला ते ऐकायचेच नव्हते. त्याला पाठीत कळत होतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकली तेव्हा तो जे काही ओरडला ते शब्द नव्हते.

परत येताना हळू चालवली. म्हणाला, ताई, कोईमतूरले गेलो त तुले तिथं इंजिनवर घेतील का. म्हटलं, आधी तू जा.

१४ एप्रिल. अकोला

जयंती. आईबरोबर सकाळी पुतळ्याला हार घालून आलो. आईची पांढरी साडी, दरवर्षीची. तिथंच डाळमिलचे मॅनेजर भेटले, आईच्या ओळखीचे, तिच्या नर्सिंगच्या दिवसांपासून. मिलमध्ये मेंटेनन्सची जागा आहे, पक्की, पण मे नंतर थांबवून ठेवता येणार नाही. आई सुमेधला म्हणाली, धर बाबा. तो म्हणाला, एक महिना दे आई. मी मध्ये पडले. म्हटलं, दे त्याला एक महिना, गाडी आता तयार आहे.

मी दिली खात्री. लिहून ठेवते.

३ मे. अमरावती

गाडी टेम्पोवरून आली. शर्यत उद्या, शहराबाहेरच्या नव्या औद्योगिक वसाहतीत, अजून कारखाने यायचेत, रस्ते मोकळे. एकेक गाडी सोडतात, घड्याळाशी स्पर्धा. मध्ये थोडा तुकडा कच्चा आहे, मुरुमाचा. सुमेधला कच्चा आवडतो.

थर्ड इयरची पोरं येणार आहेत. एचओडी देशमुख सरसुद्धा. वर्गात या गाडीवर दोन तास घेतले होते मी, गार हवेचा पाइप फळ्यावर काढून. पोरांना प्रत्यक्ष बघायचंय.

घरातला कूलर भरून झोपते. सुमेध गच्चीवर.

४ मे. अमरावती

पहिली फेरी: सगळ्यांत वेगवान. काटा मध्यावर.

दुसरी: त्याहून चांगली. मेनन सर खुर्चीतून उठून वळणापर्यंत चालत गेले. शांत माणूस, टोपी, हातात काही नाही, फक्त बघत होते. माझी पोरं शिट्ट्या मारत होती.

दुपारी वारा सुटला. मुरुमाच्या तुकड्यावर एवढी धूळ की पुढचं दिसेना. एकाची गाडी दगडावर चढली. म्हणून आयोजकांनी टँकर बोलावून पाणी मारलं. आम्ही तेव्हा गाडीखाली होतो, टायरची हवा बघत. टँकर गेल्याचं दिसलं होतं. दोघांनाही दिसलं होतं.

तिसरी फेरी. मुरूम जिथं खोलगट होता तिथं पाणी साचलेलं. सुमेध भरधाव. समोर लाल पाण्याचा पंखा उडाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्याच क्षणी इंजिन थांबलं. बंद पडलं असं नाही. कोणी आतून मूठ आवळावी तसं थांबलं.

मी पळत गेले. फिल्टर काढला तर त्यातून पाणी. पाइपमधून पाणी. पाणी दबत नाही. पिस्टन वर येतो आणि त्याला जागा नसते. तेव्हा काहीतरी वाकतं, आणि ते पाणी नसतं.

मेनन सर आले, वाकले, बंपरखाली हात घालून बघितलं. मागे देशमुख सर, पोरं. मेनन सरांनी हिंदीत विचारलं की हे इथं कोणी बसवलं.

पुढचं आज लिहीत नाही.

५ मे

कॉलेजला गेले नाही.

६ मे. अमरावती

लिहिते.

त्यांनी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत सुमेध म्हणाला, "मैंने."

हेल्मेट काढलं नव्हतं त्यानं. काचेआडून म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

मेनन सरांनी मान हलवली. रागावले नाहीत. म्हणाले, चालवतोस छान, पण इंजिनियरचं ऐकणारा ड्रायव्हर लागतो मला, स्वतः कापाकापी करणारा नाही. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, आप तो पढ़ाती हैं. आपने रोका नहीं?"

देशमुख सर बघत होते. माझी तीस पोरं बघत होती, ज्यांना मी हाच पाइप फळ्यावर काढून दाखवला होता. त्यातल्या कोणी बोलेल असं वाटलं. कोणी बोललं नाही.

मी म्हणाले, "सुनता नहीं."

दोन शब्द. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. तो माझ्यासाठी खोटं बोलला होता, तेवढं पुरेसं होतं. मी त्याच्यावर अजून एक पाय देऊन उभी राहिले.

परत जाताना टेम्पोच्या केबिनमध्ये आम्ही दोघं आणि ड्रायव्हर.  मूर्तिजापूर आल्यावर सुमेधनं विचारलं, "भूक लागली का ताई?" ढाब्यावर त्यानंच माझ्यासाठी दाल मागवली. अकोल्याला गाडी उतरवून मी पहिल्या बसनं परत आले. आईला म्हटलं, काम आहे.

११ मे. अकोला

इंजिन खोललं. दुसऱ्या सिलेंडरचा कनेक्टिंग रॉड, पिस्टनला ढकलणारा दांडा, वाकलेला. बोटाएवढं जाड लोखंड, केळीच्या देठासारखं. सुमेधनं तो हातात घेऊन उन्हात धरला, फिरवून बघितला, बाकावर ठेवला. इरफानभाई आले होते. त्यांनी रॉड पाहिला, पाइप पाहिला, मग चहा सांगायला बाहेर गेले.

आई जेवताना सुमेधला म्हणाली, "ताईचं ऐकत जाय ना रे." तिला कोणीतरी सांगितलं असावं. अमरावतीची बातमी अकोल्याला यायला वेळ लागत नाही.

तो म्हणाला, "हो."

 पाणी प्यायला उठले ते मोरीतच उभी राहिले.

तेव्हा तरी सांगायचं. आईच तर होती. बाहेर आले, तोवर ताटं उचलली होती.

८ जून. अकोला

एक तारखेपासून तो मिलमध्ये जातो. सहाला निघतो, सायकलनं. संध्याकाळी येतो तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर तुरीची पिवळी भुकटी. आंघोळ केली तरी कानामागे राहते. आई खूश आहे. खरंच खूश आहे, आणि तिनं का नसावं.

गाडीवर ताडपत्री. मी उचलली तर म्हणाला, राहू दे, उंदरं शिरतात.

विचारलं, मिलमध्ये कसं आहे. चांगलं आहे म्हणाला. चाळण्यांचे बेअरिंग गरम होत होते, हवा जायला जाळी कापून दिली, मालक खूश. हे सांगताना थोडा तोच सुमेध होता. मग उठून गेला.

१३ जुलै. अकोला

पाऊस. मी येते, इंजिनपाशी बसते, जाते. रॉड आणि पिस्टन नवे मिळाले. एकटीनं जुळवते आहे. बोल्ट आवळायला दोन माणसं लागतात तिथं इरफानभाई येतात.

पाइप वर घेतला. हेडलाइटच्या मागे, बंद पेटी करून, तळाला पाणी गळायला भोकं. हवा पूर्वीइतकी गार येणार नाही, दोन-तीन अंश जास्त. कोणाला कळणारही नाहीत असे दोन-तीन अंश. यासाठी मी ते नाक जमिनीला टेकवलं होतं.

सुमेध खिडकीतून बघत होता. मी वर बघितलं तेव्हा पडदा होता.

पॉलीत परवा एका पोरीनं विचारलं, मॅडम, तो पाइप तर तुम्ही लावला होता ना? म्हटलं, हो. ती वहीत बघत बसली. विचारायला दोन महिने लागले तिला. मला कोणी विचारायच्या आधी सांगायला…

२४ ऑगस्ट. अमरावती

मेनन सरांना फोन केला. नंबर मेपासून होता.

पहिल्यांदा ओळखलंच नाही त्यांनी. कोण सुमेध, लाल गाडी का? मी सगळं सांगितलं. पाइप माझा, जागा माझी, तो विचारत होता पाणी आलं तर काय, मी हसले होते. आणि तो ऐकत नाही हे मी खोटं बोलले. शेवटचं सांगताना माझी हिंदी पार मोडली, अर्धं मराठीतच गेलं.

 ते म्हणाले, बरं केलंत. यंदाची माणसं घेऊन झालीत. नोव्हेंबरच्या शेवटी चाचणी आहे, यायचं असेल तर त्यानं स्वतः फोन करावा. वचन देत नाही.

फोन ठेवल्यावर इतकं हलकं वाटलं की खाली जाऊन कच्चा चिवडा आणला, उभ्यानंच खाल्ला.

३१ ऑगस्ट. अकोला

सांगितलं सुमेधला. अंगणात, तो सायकलची चेन लावत होता. मला वाटलं होतं, खूश होईल. निदान बघेल तरी माझ्याकडे.

चेन लावून झाली. हात पुसले. म्हणाला, "कोणं सांगतलं होतं तुले फोन कराले?"

म्हटलं, खरं ते सांगितलं.

"मी तुह्यं नाव राखलं होतं ताई. चार लोकांसमोर. माह्यापाशी देण्यासारखं तेवढंच होतं. थे बी तू वापस करून टाकलं."

मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं रे.

"माह्यासाठी कराचं असतं त तवाच बोलली असती. आता तुले हलकं वाटावं म्हणून बोलली."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. सायकल काढून गेला.

आई आत भांडी घासत होती. आवाज थांबला होता. तिनं ऐकलं. मी आत गेले तर म्हणाली, "तू सांगतलं असतं त मी त्याले तसं बोलली नसती ना." आणि पुन्हा घासायला लागली.

आज रस्ताभर तो चिवडा आठवत होता. खरंच हलकं वाटलं होतं.

२१ सप्टेंबर. अकोला

तीन आठवडे अकोल्याला गेले नव्हते. आज गेले. तो ड्युटीवर. आईनं त्याच्याकडचं काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. इंजिन गाडीत बसवलं, इरफानभाई आणि त्यांची साखळी-पुली. रेडिएटरमध्ये पाणी भरताना ते म्हणाले, बेटी, भाऊ मिलमध्ये बरा आहे, पण सायकल फार जोरात चालवतो, मी बघतो रोज. एवढंच.

सुरू करून बघायचं धैर्य झालं नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत.

५ ऑक्टोबर. अमरावती

आईचा फोन. दसऱ्याला सुमेध तिला नागपूरला दीक्षाभूमीवर घेऊन गेला होता. गर्दीत तिचा हात धरून होता म्हणे सगळा वेळ. तिथं कोणी ओळखीचे भेटले, त्यांनी विचारलं, बहीण कुठे? तर म्हणाला, तिची परीक्षा चालू आहे.

परीक्षा कसली. मीच गेले नव्हते.

१९ ऑक्टोबर, रविवार. अकोला

सकाळी गाडी सुरू केली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा धरली. आवाज थोडा खरखरीत, मग जमला. मी बॉनेट उघडं ठेवून काटा बघत उभी. सुमेधला सुट्टी होती. केव्हा दारात येऊन उभा राहिला कळलं नाही. बनियनवर, दाताला मंजन.

"लगेच रेस नको देऊ," म्हणाला. "गरम होऊ दे."

दीड महिन्यातलं पहिलं वाक्य.

चूळ भरून आला. बॉनेटमध्ये बघितलं. नव्या पेटीवर बोट फिरवलं, तळाची भोकं चाचपली.  मग डाव्या बाजूचं दार उघडून बसला. मी बाहेरच. त्यानं मान वळवून उजव्या सीटकडे बघितलं.

मी म्हटलं, मला नाही येत ही चालवता.

"येते. बस."

दर्यापूरच्या रस्त्यानं गेलो. कपाशी फुटायला आलेली, मध्येच सोयाबीन काढणीचे थ्रेशर रस्त्याकडेला. दोनदा बंद पाडली मी. एकदा गिअरचा असा आवाज आला की त्यानं डोळे मिटले. एका नाल्यावर कालच्या पावसाचं पाणी रस्त्यावर आलेलं. मी थांबले. तो म्हणाला, "चाल. आता नाही जात आत." हळूच नेली. पाणी दाराखाली खळाळलं. इंजिन चालू राहिलं.

परत येताना त्यानं फक्त काट्याबद्दल विचारलं, किती आहे. म्हटलं, मध्यावर. बरं म्हणाला. नोव्हेंबरचं नाव त्यानं काढलं नाही. मी ओठाशी आणलं आणि गिळलं. या वेळी तरी.

अंगणात बंद केली. चावी काढून मी त्याच्यापुढे धरली. घेतली त्यानं. खिशात टाकली, आईनं दूध सांगितलं होतं म्हणून पिशवी घेतली, सायकल काढली आणि गेला.

मी संध्याकाळच्या गाडीनं अमरावती. निघेपर्यंत तो आला नव्हता.